जपातला होकार

सकाळचा जप संपेपर्यंत मी बोलत नाही. अकरा वर्षांचा नेम आहे. माझ्या सहा वर्षांच्या नातीला तो पाठ आहे. त्या वेळात काही हवं असलं की ती विचारते आणि मी मान हलवते. हो किंवा नाही, एवढंच.

तिची आई, म्हणजे माझी लेक, परगावी नर्स आहे. ती गेल्यापासून पोर झोपेत दात खायला लागली. दुपारच्या डुलकीतसुद्धा करकर, करकर. शेजारीण म्हणाली, जंत असतील. जंतांचं औषध दिलं, फरक नाही. या वयात मुलं खातात दात, म्हणून मीही सोडून दिलं.

काल शाळेतून बोलावणं आलं. पोरीच्या ओठावर रक्त आणि मुठीत दात. वर्गातल्या बाई कौतुकानं म्हणाल्या, पहिला दात पडला हो आजी. रक्त थांबेना म्हणून तिला दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दात उजेडात धरला आणि त्यांचं हसू मावळलं.

"मूळ बघा, जवळजवळ अख्खं आहे. हा पडलेला नाही, हलवून हलवून काढलाय. शेजारचाही ढिला केलाय. आणि दाढा झिजल्यात त्या नुसत्या झोपेत दात खाऊन नव्हेत, जागेपणीही घासल्यात."

कोणी काढला, असं मी पोरीला विचारलं.

"मीच," ती म्हणाली. चांगली ऐटीत. "पुढचे चार पडले की आई येणार आहे. तिनंच सांगितलंय. आता तीन राहिले."

निघताना लेकीनं पोरीची समजूत काढायला काहीबाही सांगितलं असणार. पण दात असे घासून पडतात, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं, मी विचारलं.

"तूच की," ती म्हणाली. "मी विचारलं, खूप घासले की लवकर पडतात का? तू माळ ओढत होतीस. तू हो केलंस."

मला आठवेना. अजूनही आठवत नाही. मान हलली असेल. माझं लक्ष माळेत होतं.

आज सकाळी मी जपाला बसले होते. ती दाराशी आली. ओठ सुजलेला.

"आजी, एका दातावर येईल का गं आई?"

मान हलायलाच लागली होती. मी माळ अर्ध्यावरच खाली ठेवली.

"फोन आण," मी म्हणाले. "आपण तिलाच विचारू."

ती जागची हललीच नाही. डोळे विस्फारून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.