दोरीच्या बाहेरचे

"ज्याचं दुखणं गेलं, त्यानं हात वर करा!"

बाबानं आवाज देला अन् मोहाच्या बनात हातच हात उभे झाले. बांगड्याचे हात, गोंदलेले हात. एका म्हाताऱ्यानं तं दोन्ही वर केले. खाली राह्यलेला एखादा हात भेटते का म्हणून मी टाचा उंच करून पाह्यलं. त्या दिवशी पह्यल्यांदा आलेले सोडले तं एकही नाई.

"पाह्यलं? डॉक्टर लोकं रगत मोजते. मी हाड ऐकतो," वेळूबाबा म्हणे. "रगत खोटं बोलते बेटा. हड्डी झूठ नहीं बोलती."

लोकं माना हालवे. रगत कवा बोललं, कोणासंग बोललं, कोणी विचारे नाई.

हा आमच्या आरमोरीकडच्या जंगलातला सोमवारचा दरबार. एटापल्लीपासून जीपा करून लोकं येते. सारे सिकलसेलवाले. रगतातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होते, नसात अडकते, अन् हाडं अशी दुखते का धडधाकट माणूस गडबडा लोळते. आमच्या भागात लय आहे हा रोग. माया लहान भाऊ प्रफुल, दहा वर्षाचा, त्याले होता. दवाखान्याचं लाल कार्ड होतं अन् रोजची एक कॅप्सूल.

मी संघप्रिया. नववीत शाळा सोडली. सर म्हणे, उत्तर बरोबर आहे पण रीत चुकली. मी म्हटलं, उत्तर बरोबर आहे तं रीत कायले पाह्यता? अन् वही फेकली. तवापासून आईसंग धानाच्या रोवण्याले जातो.

त्या सोमवारी प्रफुल आईच्या पाठीवर कण्हून राह्यला होता. बनाभोवती माहूलच्या वेलाच्या सालीचा जाड दोर ताणला होता. दोराजवळ पोचू, बाबाचा पहिलवान.

"घरी वर्षभरात मयत-गियत?"

"नाई भाऊ," आई म्हणे.

"मंग जा आत."

बाबानं वेळूची नळी प्रफुलच्या गुडघ्यावर टेकवली, दुसरं टोक कानाले लावलं अन् डोळे मिटले. मधीच "हो... हो... अच्छा" करे, जसा हाडाचा फोन आला.

"काय म्हणते हाड?" मी विचारलं.

"म्हणते, या घरात एक पोट्टी लय बोलते."

सारे हासले. दुखता दुखता प्रफुलही हासला. त्याच्यासाठी मी चूप बसली.

"येत्या बाजारापर्यंत उतरन," बाबा आईले म्हणे. "पण गोळी बंद. गोळी अन् देव एका पोटात राह्यत नाई."

अन् उतरलं, बाप्पा! आठवडी बाजार भराच्या आधीच पोट्टा अंगणात कंचे खेळाले लागला. मले काही उमजे नाई. आईनं कॅप्सूलची डब्बी उचलून छपराच्या वाशात खोचून देली.

"घरात बाबासाहेबायचा फोटो," मी म्हटलं, "भिंतीवर बावीस प्रतिज्ञा, अन् तू त्या नळीवाल्याच्या पाया पडते?"

"फोटो पोराचे पाय दाबत नाई व. तू झोपते घोरत. त्याचे पाय धरून मी बसतो."

त्याच दरबारात दिव्यानी नावाची एक बाई सर्व्हे करून राह्यली होती. नागपूरकडच्या कॉलेजातली. सिकलसेलचे रोगी कुठी उपचार घेते अन् त्यायले फरक पडते का, हे तिचं संशोधन. इतके रोगी एका जागी कुठी भेटणार? म्हणून ती झाडाखाली बसून एकेकाले विचारे अन् मोबाइलमधी भरे. पुढं कोण्या भक्तानं तिच्या तोंडून आकडा ऐकला. झालं! दोराजवळ बॅनर लागलं: 'सर्व्हेतून सिद्ध! शंभरातले शहाण्णव बरे!'

"घे," आई म्हणे. "आता तं कॉलेजवालीनं मोजलं. तू नववी नापास, तिच्यापक्षा हुशार आहे का?"

"नापास नाई, सोडली."

"एकच झालं."

पानकळ्याचा पाऊस सरता सरता प्रफुलले ताप आला. छाती दुखे. श्वास अर्धाच येऊन परत जाये. मी म्हटलं दवाखाना, आई म्हणे आधी बाबा. मी शेजारच्यायची गाडी मागाले धावली, तं गाडी घेऊन कोणी गावाले गेलं होतं. परत येतो तं आई त्याले पाठीवर घेऊन बनाकडं निघाली होती. मी मागं मागं, शिव्या देत. बाबानं नळी छातीले लावली. "येत्या बाजारापर्यंत," तो म्हणे.

श्वास लयच अडकाले लागला तवा कुठी आई दवाखान्याले कबूल झाली. पोचलो तवा नर्सबाईनं आईच्या पाठीवरूनच त्याले उतरवून घेतलं. मंग तिनं आमच्याकडं पाह्यलंच नाई.

प्रफुलनं तो बाजार पाह्यला नाई.

पुढच्या सोमवारी मी बनात गेली. हातात विळा होता, खोटं कायले सांगू. पोचूनं दोराजवळच मनगट धरलं.

"तुमच्या घरी मयत झाली. तू बाहेरच थांब."

"आमी बौद्ध आहो. सुतक पाळत नाई."

"तुमी नोका पाळू. बाबा पाळते. मयतीचा वारा आतल्या रोग्यायले लागते. वर्ष सरल्यावर ये."

विळा त्यानं हिसकला अन् मले धुळीत ढकललं. उठाची ताकद होती, पण उठून करू काय? तिथीच बसली. तवा ध्यानात आलं, तिथी मी एकटी नाई. टेंभराच्या झुडपाजवळ आणखी लोकं बसून होते. एक बाई पदराचं टोक चावत आत पाह्यत होती. एटापल्लीकडची बुधरी.

"तुमी काऊन बाहेर, बाई?"

"मोठी पोरगी गेली. लहानीले माया बहिणीच्या घरची सांगून तिच्यासंग आत धाडलं."

"मोठीले बी बाबाकडंच आणलं होतं?"

"मंग? गोळी सोडून देली होती. बाबानं सांगतलं तसंच केलं सारं." तिनं डोळे पुसले. "मायाच श्रद्धेत खोट असन."

आतून आवाज आला, "ज्याचं दुखणं गेलं, त्यानं हात वर करा!"

हातच हात!

मी आतले हात पाह्यले. मंग बाहेरची माणसं पाह्यली. अन् माया डोक्यात असं लख्ख झालं का मले रडाले आलं. ज्यायचं माणूस मेलं ते घर दोराच्या बाहेर. मंग आत उरते कोण? ज्यायचे जिते आहे तेच! बाबाले जादू कायले लागते? माहूलचा एक दोर पुरते.

दिव्यानी आरमोरीत बाजार समितीजवळ खोली करून राह्यत होती. मी दार वाजवलं नाई, लाथच मारली.

"तू मोजलं का लोकायले फसवलं?"

ती घाबरली. मी सारं सांगतलं, प्रफुलचं अन् दोराचं. ती खाली बसली.

"जे भेटले, त्यांना विचारलं मी," ती म्हणाली. "जे भेटलेच नाहीत, ते कुठे आहेत, हे विचारलंच नाही. माझी रीतच चुकली."

खिडकीतून धानाचे ढीग दिसे. एक व्यापारी पोत्यात लोखंडी परखी खुपसून मधलं धान काढून पाह्यत होता.

"तो पोत्याच्या तोंडाचं धान का पाहत नाही?" तिनं विचारलं.

"लहान लेकरूही सांगन. तोंडाशी लोकं चांगलंच धान ठेवते."

"मी तोंडाशीच हात घातला, संघप्रिया."

तिच्या अंगावर धावून जावं म्हटलं तं जमलं नाई. तिचं तोंडच तसं झालं होतं.

आमी पुन्हा मोजाचं ठरवलं. आता बनात जाऊन नाई, घरी जाऊन. मी म्हटलं, कोणत्या गावात मयती झाल्या ते मले मालूम आहे, तिथीच जाऊ.

"नाही. मग तू बाबासारखंच करशील. तो जिवंत निवडतो, तू मेलेले निवडशील."

"माया भाऊ मेला अन् तू मले बाबाच्या पंगतीत बसवते?"

"हो. तुझा राग खरा आहे, पण रागानं गावं निवडायची नाहीत."

तिनं साऱ्या गावायच्या नावाच्या चिठ्ठ्या गंजात, भाताच्या पातेल्यात, टाकल्या होत्या. मी गंजाले लाथ मारली. चिठ्ठ्या खोलीभर उडाल्या. मंग मीच गोळा केल्या, डोळे मिटून हालवल्या अन् काढल्या. जे गाव निघन ते. दूर असो, चिखल असो, नक्को वाटो.

ज्या घरी लाल कार्ड त्या प्रत्येक घरी गेलो. बाबाकडं गेलेले, न गेलेले, गोळी खाणारे, सोडणारे, सारे. ज्या घरचा रोगी गेला, तिथी मायबापाले विचारलं. पह्यले कोणी विचारलं नव्हतं त्यायले. काही दारं आमच्या तोंडावर लागली. एक बाप कुलपाकडं बोट दाखवून म्हणे, "ती खोली नोका विचारू."

त्यातून दोन गोष्टी निघाल्या. पह्यली अशी का जे बाबाकडं कधी गेलेच नाई, त्यायचंही दुखणं बहुतेक आठवडाभरातच उतरे. लोकं बाबाकडं धावते कवा? दुखणं टोकाले गेल्यावर. टोकावरून ते आपोआपच खाली येते. डोंगराच्या शेंड्यावर उभ्या माणसाले 'आता तू उतरशील' म्हणाले कोणती सिद्धी लागते? आमचा प्रफुल कंचे खेळाले लागला तो त्याच्या रगतानं, नळीनं नाई.

दुसरी गोष्ट मयतीची. गोळी सोडणाऱ्यायच्या घरी जास्त, चालू ठेवणाऱ्यायच्या घरी कमी.

"बाबानं गोळी बंद केली म्हणूनच मेले, असं लिही," मी म्हटलं.

"तेवढं छातीठोक नाही सांगता येणार. घरं थोडी आहेत. पण शहाण्णव हा आकडा खोटा आहे, हे मी कुठेही उभी राहून सांगेन."

बाजाराच्या दिवशी तिनं सांगतलं. भाजीच्या रांगेसमोर, खाटेवर उभी राहून. पह्यला आकडा तिचाच होता अन् तो चुकला, इथून सुरुवात केली. दोराचं सांगतलं, परखीचं सांगतलं. लोकं जमले. धानवाले तं मान हालवाले लागले. मले वाटलं, आता पलटते!

तेवढ्यात बाबाची जीप आली. तो हासतच उतरला.

"बेटी, पह्यले तू शहाण्णव बोलली. आज कुछ और बोलते. उद्या काय बोलशील?" तो लोकायकडं वळला. "मेरी बात कभी बदली? तेव्हाही हाड, आजही हाड."

लोकं हासले. चूक कबूल करणारी खोटी ठरली, अन् कधीच न मोजणारा खरा.

"अन् जे मेले," बाबा म्हणे, "त्यायची श्रद्धा कमी."

माया तोल गेला. "जगला तं बाबा मोठा, मेला तं श्रद्धा छोटी! दोन्हीकडून तूच जिंकते तं हरशील कवा बे? हरण्याची एक तं जागा ठेव!"

हासणं थांबलं. मी गर्दीत आईले शोधलं. हातात मिरच्यायची थैली घेऊन ती उभी होती.

"आई, तू सांग. आपण कॅप्सूल बंद केली होती ना? बाबानं छातीले नळी लावली होती ना?"

सारा बाजार आईकडं पाहून राह्यला होता. तिनं फक्त 'हो' म्हटलं असतं. एक शब्द.

"पोराचं आयुष्यच तेवढं होतं," आई म्हणे. अन् थैली सावरत घराकडं चालू लागली.

बाबानं हात जोडले. गर्दी सैल झाली. कोणी वांग्याचा भाव विचाराले लागलं.

मी रस्ताभर आईच्या मागं भांडत गेली. घराजवळ ती थांबली. माया तोंडाकडं पाह्यलं नाई.

"तुह्या बोलण्यात खरं असन तं मंग त्याले कोणी मारलं, संघा?"

मी नववीपासून कोणालेही उत्तर देतो, पण त्या सवालाचं एकच उत्तर होतं अन् ते मले तिले द्याचं नव्हतं. बाबा तिले लबाड वाटत नाई असं नाई. पण बाबा खोटा झाला का ती रात्रंदिवस स्वतःच्याच हाताकडं पाह्यन. बुधरीचंही तेच. आपली श्रद्धा कमी पडली म्हणणं सोपं जाते. दोराच्या बाहेरचे लोकं म्हणूनच काही बोलत नाई. बाबाले हे आमच्यापक्षा चांगलं मालूम आहे.

सोमवारी बनात तेवढीच गर्दी होती.

म्हणून मी हे तुमच्यासाठी लिहून राह्यली, ज्यायच्या घरी लाल कार्ड आहे अन् लेकरू अजून खेळून राह्यलं आहे. बरे झालेले हात कोणी दाखवले तं विचारा, गेले होते किती, अन् बाकीचे कुठी आहे? त्यायच्या घरी जा. न जाणाऱ्यायच्या घरीही जा, त्यायचं दुखणं कवा उतरलं ते विचारा. कोण्या बाबाच्या बोलण्यानं कॅप्सूल बंद करू नोका. छाती दुखली, श्वास लागला तं आधी दवाखाना. ज्यायचं लेकरू गेलं, त्यायले खरं परवडत नाई. तुमाले अजून परवडते.