एकवीस मीटर अलीकडे

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा, कडीचा डबा आहे. नाल्याकाठच्या दगडांत बसलोय, म्हणून मला कुणी टाकून दिलंय असं समजू नका.

देवळीचे रूपराव सर विज्ञान शिकवायचे. बावीस वर्षं त्यांनी माझ्यातून भाकर-भाजी शाळेत नेली. निवृत्त झाल्यावर त्यांना जिओकॅशिंगचा नाद लागला. या खेळात एकजण डबा लपवतो, इंटरनेटवर कोडं टाकतो आणि बाकीचे मोबाइलच्या नकाशावरून तो शोधतात. ज्याला सापडेल त्यानं नाव लिहावं म्हणून सरांनी माझ्यात वही-पेन्सिल घातली, मला आर्वीच्या वाटेवरच्या एका शिवारात आणलं आणि दगडांत ठेवताना कोडं मोठ्यानं वाचलं, "देवळीच्या बस स्थानकावरून प्रकाश सरळ उत्तरेला निघाला. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात तो जिथं पोचेल, तिथं मला शोधा."

लोक आले. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, म्हणजे अंतर तीस किलोमीटर, असं म्हणत सगळे नाला ओलांडून पलीकडच्या काठावर जात. तिथली झुडपं उपसत आणि घामाघूम होऊन परतत. "डबा चोरीला गेला, लिहून टाक," असं एकजण म्हणाला, तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. पण डब्याला कसला आवाज! दोन वर्षं गेली. लोखंडी कडी गंजली, वही कोरीच राहिली.

मग सावंगीच्या एका प्रयोगशाळेत रक्त तपासणारी जागृती आली. तीही पलीकडे गेली, रिकाम्या हातानं परतली. पुढच्या रविवारी पुन्हा आली, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला शेतकरी लहानूकाकांनी तिला हटकलं.

"काऊन पोरी, काय शोधून राह्यली?"

"डबा, काका. आज नाई सापडला तर खेळवाले हे कोडं कायमचं बंद करणार आहेत. डबा ठेवणाऱ्या सरांचे गुडघे दुखतात, त्यांना इथवर येता येत नाई. डबा तिथंच आहे, हे त्यांचं कोणी ऐकून नाई राह्यलं."

"काय आहे त्या डब्यात?"

"वही."

"वहीसाठी तीन खेपा?"

"चौथीही करीन, पण आजच शोधायचा आहे."

ती माझ्यापासून चार हातांवर बसली. कागद काढला आणि स्वतःवरच चिडून म्हणाली, "रक्ताचा आकडा मी कधी अंदाजे लिहिते का? मग इथं तीन लाख काऊन धरले?" तिनं खरा आकडा मांडला: दोन लाख नव्व्याण्णव हजार सातशे ब्याण्णव किलोमीटर आणि वर थोडं. भागून उत्तर आलं एकोणतीस किलोमीटर नऊशे एकोणऐंशी मीटर.

"काका, एकवीस मीटर अलीकडे! नाल्याच्या याच काठावर!"

दगड हलले. माझ्यावर ऊन पडलं. गंजलेली कडी उघडेना, तेव्हा तिनं ओढणीचं टोक धरून ती सोडवलीच. ओलसर वही उन्हात वाळवली, पहिल्या पानावर नाव लिहिलं आणि सरांना फोन लावला.  पलीकडून सर म्हणाले, "पोरी, गणित पुरं केलंस."

जागृतीनं मला पुसलं, कडीला तेल लावलं आणि पुन्हा दगडांत ठेवू लागली.

"अवो, घरी नेजो ना," लहानूकाका म्हणाले. "चांगला डबा आहे. इथं हरवून जाईल."

"नाई काका," ती म्हणाली, "तो हरवलेला नाई. ठेवलेला आहे."

मित्रांनो, माझ्यासारखं कुणी तुम्हाला सापडलं, तर नाव लिहा, झाकण घट्ट लावा आणि जिथं होतं तिथंच ठेवा. मागून कुणीतरी येत असतं.