वैयक्तिक संवाद, ९ जून

विद्यापीठात सादर होणारे प्रबंध मी तपासते. मजकूर नव्हे, मांडणी: समास, तळटीपा, संदर्भांची यादी. कचेरीत मला पाठीमागे स्वल्पविरामबाई म्हणतात. शेजारच्या टेबलावरचे शिक्केवाले काका तोंडावरही म्हणतात.

ताई जानेवारीत गेली. तिचा बियांवरचा प्रबंध लिहून झाला होता. छापलेली प्रत डिसेंबरपासून माझ्या कपाटात होती. मांडणी तेवढी राहिली होती. मुदत आज पाचपर्यंत. चुकली तर नोंदणी रद्द, आणि तिच्या नावापुढे पदवी कधीच लागणार नाही.

यादीतला एकेक संदर्भ मी मजकुराशी ताडून पाहिला. दोनशे सहा. सगळे जुळले. मग तीनच्या सुमारास पान ११८ वर, यादीत नसलेला एक सापडला.

'उकळलेल्या बियांपैकी एकीला कोंब आला (धाकटी, वैयक्तिक संवाद, ९ जून).'

यादीत नव्हता, ते नियमाला धरूनच होतं. तोंडी सांगितलेल्या गोष्टीकडे वाचकाला परत जाता येत नाही, म्हणून ती फक्त मजकुरात नोंदवतात आणि सांगणाऱ्याचं संमतिपत्र जोडतात.

धाकटी म्हणजे मी. प्रबंधात घरचं नाव घालू नकोस, हे तिला किती वेळा सांगितलं होतं. पण बियांचं असं काही मी तिला सांगितलं नव्हतं. वर्ष लिहायचं राहिलं होतं. बिया उकळायला तिने सुरुवात केली गेल्या सप्टेंबरात. म्हणजे हा गेल्या वर्षीचा जून नव्हे.

आज ९ जून होता.

तिच्या मार्गदर्शक मॅडमना फोन लावला.

"अगं, ती ओळ आधी काढ! उकळलेल्या बिया मेलेल्याच असतात, तुलनेसाठी ठेवलेल्या. त्यांनाच कोंब आला म्हटलं की सगळा प्रयोग पाण्यात. परीक्षक फाडून खातील."

"न तपासता कशी काढू?"

"त्यात तपासायचं काय? तू आणि तुझे स्वल्पविराम!"

ताईच्या सामानातली बियांची काचेची बशी माझ्याच खणात होती. झाकणाला चिकटपट्टी, पट्टीवर तिचं अक्षर: 'उकळलेल्या, दहा मिनिटं'. सहा महिन्यांत पाण्याचा थेंब नाही. खण उघडला. पट्टी जशीच्या तशी होती, आतला टीपकागद वाळून कडेला वळला होता. बिया मोजल्या. वीस. एकोणीस काळ्या पडल्या होत्या. विसावीतून नखाएवढा पांढरा कोंब निघून झाकणाला आतून टेकला होता. काचेवर तेवढ्याच जागी वाफ धरली होती.

फोन चालूच होता. "उकळलेल्या बियांपैकी एकीला कोंब आला," मी म्हणाले. बोलून झाल्यावर लक्षात आलं, एक शब्दही इकडचा तिकडे झाला नव्हता.

मॅडम "काढून टाक," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"एक ओळ खोडायला कुणी हात धरलाय का, बाई?" काका म्हणाले. "साडेचार झाले." आणि शिक्का आणायला आत गेले.

खोटी असती तर खोडली असती. आता ओळ खरी होती. संदर्भ मात्र अजून खोटा होता. मी सांगितलं होतं मॅडमना. संवाद लेखिकेशी झालेला हवा.

बशी टेबलावर ठेवली. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणाले, "ताई, उकळलेल्या बियांपैकी एकीला कोंब आला."

थोडा वेळ थांबले. मग वर्ष घातलं, संमतिपत्रावर सही केली आणि पावणेपाचला प्रत पुढे केली.

काकांनी शिक्का मारला. "मघाशी कुणाशी बोलत होतात?"

"लेखिकेशी."

ते हसले. "मग? काय म्हणाली?"

मी खणातून दुसरं कोरं संमतिपत्र काढलं.

"ते सांगायला तिची सही लागेल."