झेंडूत चेंडू

बाकीचं जग त्याला होमरन म्हणतं, म्हणू द्या. आमच्याकडं त्याला झेंडू म्हणतात. पोरीनं बॅट फिरवली आणि चेंडू माझ्या झेंडूच्या वावरात पडला, की बांधावर बसलेले सगळे ओरडणार, "झेंडूऽऽ!" आणि मी ओरडणार, "कोणाच्या बापाचं वावर हाय?"

मी अक्काबाई. मखमलाबादला पाटाखाली माझा वीस गुंठे झेंडू. पोरं दोघं सातपूरला कंपनीत, सुना त्यांच्या कामाला. दुपारभर वावरात मी एकटी. शेजारच्या मैदानावर ह्या बेसबॉलवाल्या पोरी आल्या त्याला तीन वर्षं झाली. खेळ लय येडा. जीव खाऊन पळायचं आणि निघालो तिथंच परत यायचं, त्याला म्हणं घर! चेंडू न्यायला त्यांची कॅप्टन स्नेहल यायची.

"अक्का, चेंडू?"

"नाय देणार. जा."

मग ती माठातलं पाणी प्यायची, सॉक्समधली कुसळं काढत घरचं, कॉलेजचं सगळं सांगायची. तिचं सांगून झालं की मी कमरेला खोचलेला चेंडू काढून द्यायची.

यंदाचीच गोष्ट, दोन हजार तीन साल. दसरा दहा दिवसांवर आलेला, फुलं अशी टपोरी धरलेली, आणि एकाच दिवशी तीन चेंडू वावरात. फांद्या मोडल्या. माझं डोकंच फिरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. "उठत का नाय तुमचं मैदान एकदाचं!"  त्या दिवशी स्नेहल पाणीही न पिता गेली.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या फाटकावर फळा टांगलेला. रंगनाथभाऊंनी वाचून दाखवला. ते पोस्टमन होते, रिटायर झाले तरी वाचायची सवय सुटली नाय. "रविवारी चार वाजता महत्त्वाची घोषणा. सर्वांनी यावे."

झालं, बांधाला काम मिळालं. रंगनाथभाऊ म्हणाले, "पोरी खेळायला जपानला चालल्या. स्नेहलची आई सप्टेंबरात स्वेटर विणतीय, कशाला विणंल?"

पंक्चरवाला वाल्मीक म्हणाला, "जपान कुठलं ओ! मैदान बदलतायत. काल त्यांचा टेम्पो माझ्याकडं पंक्चर काढायला आला. मागं हिरवं भलंमोठं भेंडोळं. तंबूच असणार."

तंबू म्हटल्यावर मला माझंच बोलणं आठवलं. मन चिंती ते वैरी न चिंती. मी उठ म्हणाले, त्या उठल्या. रंगनाथभाऊ आणि वाल्मीक पैजा लावत होते, आणि मला वाटत होतं, जिभेला चटका द्यावा.

शनिवारी फुलं तोडता तोडता आंब्याखाली टेकले. ऊन मऊ झालं होतं, झेंडूचा वास डोक्यात चढला होता, माश्या घूं घूं करत होत्या. डोळा लागला. बघते तर पोरी विमानात चढतायत, सगळ्यांच्या डोक्यावर फुलांच्या पाट्या. आभाळात एक चेंडू नुसताच तरंगतोय, खाली पडायचं नाव नाय. स्नेहल पार वरच्या पायरीवरून विचारतीय, "अक्का, चेंडू?" मी कंबर चाचपते, हाताला एक कळी लागते. जागी झाले तर उन्हं उतरली होती आणि डोळे ओले होते. कशाला खोटं सांगू?

रविवारी स्नेहल स्टुलावर चढली. टेम्पोतलं भेंडोळं पायाशी. "अक्का, तीन वर्षं तुम्ही ओरडताय," ती म्हणाली, "आणि तुमचं बरोबरच आहे. म्हणून आम्ही तुमच्या बांधाला वीस फूट उंच जाळी लावतोय. यापुढे एकही चेंडू तुमच्या फुलांत पडणार नाही. तुमचा दसरा चांगला जाऊ दे."

टाळ्या पडल्या. वाल्मीक म्हणाला, "अक्का, जिंकलात की!"

जिंकले म्हणं! तीन वर्षं घसा फोडून जे मागितलं, ते पुढ्यात येऊन पडलं होतं. दोन पोरी जाळी उलगडायला लागल्या. एरवी न थांबणारी माझी जीभ, तिला एकच वाक्य सापडलं.

"मग तू कशाला येशील गं?"

 रंगनाथभाऊंनी चष्मा काढून उगीच पुसला. स्नेहल स्टुलावरून उतरली, माझ्याजवळ आली.

"पण फुलं मोडतील, अक्का."

"मोडू दे. ओरडायला मी हाय ना."

जाळी काही वाया गेली नाय. तिचाच विहिरीजवळ मांडव घातला, त्यावर कारली चढलीत. आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी दुपारी, पहिला झेंडू पडला. मी चेंडू कमरेला खोचला, पदर सारखा केला. फुलांतून वाट काढत ती आली.

"अक्का, चेंडू?"

"नाय देणार," मी म्हटलं, आणि माठाकडं गेले.