बुजवलेलं भोक

तेल्याच्या पोराला उघडं तेल बघवत नाही. हासाजी पेझारकरलाही बघवत नसे, पण आपण तेल्याचे पोर आहोत हे मात्र तो कुणाला सांगत नसे. ते ज्यू, शनिवारी शब्बाथचा विसावा पाळणारे; कोकणात बापाचा घाणा त्या दिवशी बंद असायचा, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. इस्रायलला बेर्शेबात आल्यावर हासाजीने लोकांना सांगताना त्या घाण्याचा मुंबईतला 'बिझनेस' करून टाकला.

तो डिझेल ट्रकांच्या गॅरेजात होता. अरादच्या चढावर जुनी इंजिनं तेलाची वाफ ओकायची आणि सगळं चिकट करून ठेवायची. मुकादम रूवेनने त्यावर उपाय काढला. वाफेच्या नळीला रबरी पाइप जोडायचा, तो एका डब्यात सोडायचा, म्हणजे तेल डब्यात साठेल. डबा यित्झहाक वेल्डरने बनवला आणि हवा बाहेर जायला झाकणाला एक बारीक भोक ठेवलं.

हासाजीने डबा पट्टीने घट्ट बसवला, पाइप जोडला, क्लिपा आवळल्या. मग त्याची नजर त्या भोकावर गेली. एवढ्या धुळीत तेल उघडं! त्याला राहवेना. त्याने कथलाचा डाग देऊन भोक बुजवलं, वरून कानस फिरवली, रंगही लावला. गॅरेजच्या ऑफिसात काम करणारी त्याची मुलगी रोनित चहा घेऊन आली होती. हे कशाला बंद करता, असं तिने हिब्रूत विचारलं.

"तेलाचं तोंड उघडं ठेवू नये, तुझी आजी सांगायची," हासाजी म्हणाला.

आजीचं खरं होतं, पण आजीच्या बुधल्याला इंजिन जोडलेलं नव्हतं. चढावर हवा कोंडली आणि तिने इंजिनाचं सील फोडून वाट काढली. ट्रक रस्ताभर तेल सांडत उभा राहिला.

शुक्रवारी सकाळी रूवेनने तो डबा टेबलावर आपटला. "भोक कुठे आहे?"

हासाजीला हिब्रू समजे, पण मुकादमापुढे बोलायची वेळ आली की बोबडी वळे. अशा वेळी रोनितला बोलावत.

"सांग त्याला," तो मराठीत म्हणाला, "डबा मला असाच मिळाला."

रोनित बापाकडे बघत राहिली. त्याने मान फिरवली. मग तिने ते वाक्य जसंच्या तसं हिब्रूत सांगितलं. शेजारी यित्झहाक उभा होता, आणि तोही कोकणातला, पेणचा होता, त्याला मराठी वाक्य हिब्रूत पुन्हा ऐकायची गरज नव्हती. त्याने बोलायला तोंड उघडलं, रोनितकडे पाहिलं आणि गप्प बसला. रविवारपासून कामावर येऊ नकोस, रूवेनने यित्झहाकला सांगितलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोर तिथेच हात पुसत उभा.

संध्याकाळी घरी हासाजीच्या बायकोने, जेमायमाने शब्बाथचे दिवे लावले, पानं वाढली. रोनितने तेलाची बाटली आणून बापासमोर ठेवली.

"अगं, बूच कुठे गेलं तिचं?" जेमायमा म्हणाली.

एरवी हिब्रूत उत्तर देणारी रोनित मराठीत म्हणाली, "बाबांना सांग. तोंड बंद करायला त्यांना छान जमतं."

हासाजीने हातातला घास ताटात ठेवला. त्याला लाज वाटली. तेल्याचा पोर असल्याची लाज तो जन्मभर बाळगून होता, पण ती ह्या लाजेपुढे काहीच नव्हती. तो ताटावरून उठला आणि मागच्या गल्लीत यित्झहाकच्या घरी गेला.

दार यित्झहाकनेच उघडलं. "शब्बाथ शालोम, हासाजीभाऊ. या, बसा."

हासाजी उंबऱ्याबाहेरच थांबला. "भोक मी बुजवलं."

"ठाऊक आहे मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमच्याशी भांडलो असतो, भाऊ," यित्झहाक म्हणाला. "पण बोलत होती पोरगी. चारचौघांत तिला खोटी कशी पाडू?"

 आत यित्झहाकच्या बायकोने हासाजीसाठी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"रविवारी रूवेनकडे मी जातो," हासाजी म्हणाला. "रोनितला नाही बोलावणार."