चिंचेकडचा राखणदार

हवालदार कुंडलिक सुलक्षणाच्या डोळ्यांत कधी बघत नसे. तो आधी तिच्या कपाळाकडे बघायचा, कुंकू जागेवर आहे ना याची खात्री करून घेतल्यासारखा, आणि मग मान खाली घालून बाजूने निघून जायचा. पहिल्या वेळी तिला वाटलं, असेल योगायोग. दुसऱ्या वेळी वाटलं, मेल्याची नजर चांगली नाही. पण दोन वर्षं झाली तरी ती नजर कपाळाखाली उतरली नाही, तेव्हा मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. वाईट नजरेचा पुरुष कपाळ बघून थांबत नाही, एवढं जग तिने पाहिलं होतं.

भांडुपच्या टेकडीवरच्या त्या चाळीत बहुतेक बिऱ्हाडं मालवणाकडच्या एकाच गावची. सुलक्षणाचा नवरा धाकू एकाहत्तरच्या लढाईवर गेला आणि घरी तारेतून एकच शब्द आला, बेपत्ता. मेला असं कुणी सांगितलं नाही, आणि कुणी सांगत नाही तोवर मानायला ती तयार नव्हती. मुलुंडला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची, रुपयाएवढं कुंकू लावायची आणि हळदीकुंकवाला बोलावणं नसलं तरी जाऊन बसायची. मागे कुणी कुजबुजलं तर वळून तोंडावर विचारायची, "तू बघितलंस काय त्यांना मेलेलं?" पण चौऱ्याऐंशीचा जानेवारी उजाडला आणि गावाहून थोरल्या दिरांचा निरोप आला. बारा वर्षं भरली, माघात दर्भाचा पुतळा करून धाकूला अग्नी देऊन टाकू, तूही ये. तिने उत्तर पाठवलं नव्हतं. पाठवणार तरी काय होती?

त्यातच चाळीला हवालदाराचा शोध लागला. तो घाटावरचा, नगरकडचा. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या खोलीत राहायला आलेला, एका कारखान्यात वॉचमन. घरात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, बायको रतन मोजकं बोलणारी. कुणाच्या अध्यात ना मध्यात. एके दिवशी त्याच्या दारात जीप उभी राहिली, पिकल्या मिशांचे एक साहेब उतरले, आणि त्यांच्या तोंडून कळलं की आपला वॉचमन फौजेत हवालदार होता, एकाहत्तरच्या लढाईनंतर वर्षभर पाकिस्तानच्या कैदेत होता, उपाशी राहिला, मार खाल्ला, पण तोंड उघडलं नाही. ग्रामस्थ मंडळाचे दशरथकाका हे ऐकून इतके हरखले की जीप नाक्यावर पोचायच्या आत सत्कार ठरवून मोकळे झाले. सव्वीस जानेवारीला मंडळाची सत्यनारायणाची पूजा, तेव्हाच शाल नि श्रीफळ.

सगळी चाळ खूश, सुलक्षणा सोडून. ज्या चाळीत कुणाच्या तव्यावर कुठला मासा आहे ते पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत ठाऊक असतं, तिथे हा माणूस एवढी मोठी गोष्ट दोन वर्षं पोटात ठेवतो? मुंबईत खोल्या काय थोड्या आहेत? वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत सगळं सोडून हा नेमका बेपत्ता जवानाच्या बायकोच्या चाळीत येतो? तिला आता एकेक आठवू लागलं. रेशनच्या दुकानात त्याने तिचं पूर्ण नाव विचारलं होतं. नळावर ती आली की हा भरायला आणलेली बादली रिकामीच उचलून चालता व्हायचा. जो परत आला त्याला न आलेल्यांचं काहीतरी ठाऊक असणार, आणि जे ठाऊक आहे ते सांगण्यासारखं नसणार, म्हणून तर हा तोंड चुकवतो. धाकूला कुठे टाकून आला असेल? की स्वतः सुटण्यासाठी त्याचं नाव सांगून बसला असेल? असले विचार कामावर गोळ्यांची पाकिटं भरतानासुद्धा तिला सोडत नव्हते.

त्यात नलिनीने तेल ओतलं. नलिनी तिची शेजारीण, दशरथकाकांची सून, आणि घरात ऐकलेलं पोटात ठेवायची तिला सवय नव्हती. ती म्हणाली की हवालदाराने आधी सत्काराला साफ नकार दिला. काका पाया पडायचेच बाकी राहिले तेव्हा कुठे कबूल झाला. पूजेला बसणार नाही, आमच्यात ते नाही, पण नंतर येईन म्हणाला. पुढे त्याने विचारलं, ओवाळणार कोण? काका म्हणाले, आमच्या फौजीची बायको आहे ना, सुलक्षणा. त्याबरोबर त्याचा चेहरा उतरला. दुसरं कुणी नाही का, असं त्याने तीनदा विचारलं.

सुलक्षणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या हातचं कुंकू याला चालत नाही? म्हणजे मी सवाशीण नाही हे याला माहीत आहे. आणि याला माहीत आहे तर ते कसं? तिथल्या तिथे तिने ठरवलं की ओवाळणार तर मीच. ताट घेऊन अगदी समोर उभी राहते, बघू कपाळावरून नजर कुठे पळवतो ते.

सव्वीस तारखेला पूजा आटोपली, प्रसाद वाटून झाला, आणि हवालदार इस्त्रीचा शर्ट घालून येऊन खुर्चीत बसला. सुलक्षणा पेटतं निरांजन घेऊन त्याच्या खुर्चीला खेटून उभी राहिली. त्याने पाहिलं, कपाळाकडेच, आणि डोळे मिटून घेतले. पण ओवाळण्याआधी गाऱ्हाणं व्हायचं होतं. दशरथकाका गाऱ्हाण्याशिवाय नळाचं पाणीसुद्धा भरत नाहीत असं पोरं म्हणायची. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी रोखठोक बोलणं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणत दुजोरा द्यायचा. दुजोरा द्यायला कुणी नसेल तर मागणं देवापर्यंत पोचत नाही, असं मानतात.

काकांनी हात जोडले. "बा देवा रवळनाथा, आई सातेरी, वेशीवरच्या म्हाराजा..." आणि तिथे ते श्वास घ्यायला थांबले.

त्या पोकळीत खुर्चीतला माणूस, मिटल्या डोळ्यांनी, सवयीने बोलावं तसा पुटपुटला, "आणि चिंचेकडच्या लंगड्या राखणदारा."

बाकी कुणी ऐकलं नाही. सुलक्षणाने ऐकलं. चिंचेकडचा लंगडा राखणदार म्हणजे धाकूच्या घरामागचा एक फुटका दगड. धाकूच्या आज्याने त्याला देव करून टाकला होता, गाव त्यावर हसायचं. म्हणून त्याचं नाव घरातल्या गाऱ्हाण्यातच घेत, बाहेर कधी नाही. ते नाव बुद्ध मानणाऱ्या नगरच्या माणसाच्या तोंडी?

"हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

गाऱ्हाणं थांबलं. हवालदाराने डोळे उघडले आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. घरात चला ताई, तिथे सांगतो, असं तो हळूच म्हणाला. ती हलली नाही.

"इथेच सांगा. बारा वर्षं सगळ्यांनी माझं कपाळ बघितलंय, आता ऐकू दे त्यांना."

मग त्याने सांगितलं. पकडल्यावर छावणीत न्यायच्या आधी त्यांना एका ठाण्याच्या कोठड्यांत ठेवलं होतं. शेजारच्या कोठडीत एक जखमी जवान होता. चेहरा कधी दिसला नाही, मधे भिंत. बोललं की मार बसायचा, पण देवाचं नाव घेणाऱ्याला तिथला पहारेकरी अडवत नसे. तो जवान तिन्हीसांजेला गाऱ्हाणं घालायचा आणि मग गप्प राहायचा, कशाची तरी वाट बघत. दोन दिवस ते ऐकून तिसऱ्या दिवशी कुंडलिकने भिंतीच्या अलीकडून 'होय म्हाराजा' म्हटलं. पलीकडून रडण्याचा आवाज आला. तेव्हापासून रोज. देवासाठी नाही म्हणायचो, हवालदार म्हणाला, त्याच्यासाठी म्हणायचो. पुढे आवाज खोल जात गेला. एका संध्याकाळी तो सुरूच करेना, तेव्हा कुंडलिकने स्वतःच सगळं म्हटलं, पाठ झालं होतं. पलीकडून नुसतं 'होय' आलं. दुसऱ्या दिवशी तेही आलं नाही. त्याच सकाळी घोंगडीत गुंडाळून कुणाला तरी त्याच्या दारावरून नेलं होतं. सुटून आल्यावर त्याने वरिष्ठांना सांगून पाहिलं. पण गाऱ्हाण्यात माणूस देवांची नावं घेतो, स्वतःला नुसतं 'तुझं लेकरू' म्हणतो. जवानाचं नाव ठाऊक नाही, भांडुपची कुणी सुलक्षणा, एवढ्यावर कुणाच्या घरी मरणाची तार जात नाही.

"म्हणजे गेले ते," सुलक्षणा म्हणाली.

"गेले, ताई."

"आणि दोन वर्षं तुम्ही माझ्या दारावरून जाताय."

"फौज सुटल्यावर सांगायलाच आलो होतो भांडुपात. पण पहिल्याच दिवशी तुमचं कुंकू दिसलं. ते रोज शेवटी एकच मागायचे. 'भांडुपाक माझी सुलक्षणा आसा, तिच्या कपाळावरचां कुंकू राख रे म्हाराजा.' आणि रोज मी होय म्हणायचो. होय म्हणणारा माणूस ते पुसायला कुठल्या तोंडाने येणार?"

सुलक्षणाला राग यायला हवा होता, इतके दिवस तिने तो सांभाळून ठेवला होता, पण शोधूनही सापडेना. ज्या माणसावर तिने नवऱ्याला विकल्याचा संशय घेतला, त्याच्याशीच तिचा नवरा शेवटचा शब्द बोलला होता. तिला स्वतःची लाज वाटली. मग मनात धाकूच तेवढा उरला, भिंतीपलीकडे, चिंचेकडच्या दगडाला हाक मारणारा. तिने ताट नलिनीपुढे धरलं.

"घे गं, तू ओवाळ त्यांना. माझ्या हाताने आता चालायचं नाही."

नलिनी रडत होती, तिने हात पुढे केला नाही. हवालदार खुर्चीतून उठून उभा राहिला.

"ओवाळायचं तर तुम्हीच, नाहीतर मला शाल नको. मी देव मानत नाही ताई, शब्द मानतो. तेवढा एक शब्द माझ्याकडून अजून मोडलेला नाही. आज मोडायला लावू नका."

सुलक्षणाने ताट पुन्हा आपल्याकडे घेतलं. मग तिने बोट कुंकवात बुडवलं, त्याच्या कपाळावर टेकवलं आणि त्याला ओवाळलं. स्वतःच्या कपाळाला तिने हात लावला नाही. माघात गावी जायचं, थोरल्या दिरांच्या शेजारी उभं राहून धाकूला निरोप द्यायचा, आणि जायचं ते हे कुंकू लावूनच. काय बोलायचं ते बोलू देत.

"काका, गाऱ्हाणं अर्धं राहिलंय," ती म्हणाली. "राखणदारापासून सुरू करा."

दशरथकाकांनी डोळे पुसून हात जोडले. "बा चिंचेकडच्या लंगड्या राखणदारा, आमचो धाकू ज्या वाटेन गेलो, ती वाट तेका सुखाची कर रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला दुजोरा द्यायचा तो पुरुषांनी, बायका नुसत्या हात जोडून उभ्या राहतात. त्या दिवशी पहिला आवाज सुलक्षणाचा आला, आणि त्याच्या मागोमाग हवालदाराचा.

"होय म्हाराजा."