शंभरातल्या सात पेशी

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, रक्त तपासणीच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. ज्यांनी माझी भिंगे घासली ते कारागीर आता कुठे असतील कोण जाणे, पण त्यांच्या हाताला तोड नव्हती. एके काळी माझ्या नळीला डोळा लावायला डॉक्टरांची रांग लागे. मग पेशी मोजणारे यंत्र आले आणि माझ्या डोक्यावर प्लास्टिकची टोपी चढली. यंत्राची गाडी अडली, की मात्र सगळ्यांना माझी आठवण होते.

असेच एकदा यंत्राने एका अहवालावर प्रश्नचिन्ह छापले. रक्त होते शिवणकाम करणाऱ्या एका काकूंचे. त्यांच्या मेंदूत लिंबाएवढी गाठ होती आणि चार दिवसांनी शस्त्रक्रिया ठरली होती. आमच्या तंत्रज्ञ ताईंनी काचेवर रक्ताचा थेंब पसरला, रंगवला आणि मोजायला बसल्या. शंभर पांढऱ्या पेशी एकेक करून ओळखायच्या आणि हाताशी असलेल्या मोजणीच्या पेटीवर प्रत्येक जातीचे वेगळे बटण दाबायचे, ही आमची पद्धत. या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. त्यांतल्या लिम्फोसाइट नावाच्या पेशी शंभरात पंचवीस-तीस तरी भेटतात. त्या दिवशी सात भेटल्या.

"माझंच काहीतरी चुकलं असणार," ताई पुटपुटल्या. त्यांनी दुसरी काच केली. आठ!

मोठ्या डॉक्टरांनी फोनवरच विषय संपवला. "अहो, मेंदूची सूज उतरायला स्टिरॉइड देतो ना आपण! त्यानं कमी होतातच त्या."

ताईंनी नमुन्याची चिठ्ठी पुन्हा वाचली. "सर, रक्त सकाळी सातला घेतलंय. औषधाचा पहिला डोस दहाला दिलाय."

मग डॉक्टर स्वतःच जिना उतरून आले.

रक्ताचा वेगळा आजार तर नाही ना, हे पाहायला काकूंच्या कमरेच्या हाडातली थोडी मज्जा, म्हणजे रक्तपेशी जिथे तयार होतात तो मऊ गर, काढली आणि ती माझ्याखाली आली. मित्रांनो, मी आयुष्यभर पेशी पाहिल्या, पण त्या दिवशी थक्क झालो. रक्तात ज्यांचा पत्ता नव्हता, त्या पेशी हाडात दाटीवाटीने बसल्या होत्या. जिवंत, धडधाकट, पण अडकलेल्या.

"गाठ डोक्यात, आणि दारं बंद झाली कमरेत," डॉक्टर हळूच म्हणाले. "काही रुग्णांत असं होतं, हे वाचलं होतं. बघतोय आज."

एवढीशी गाठ कवटीच्या आत बसून साऱ्या देहाचा पहारा उठवते! मला तर ते अजूनही खरे वाटत नाही.

ताईंना मात्र काळजीने घेरले. काकूंना कालपासून बारीक ताप होता आणि साधी सर्दी म्हणून कुणी मनावर घेतला नव्हता. डॉक्टरांनी लगेच छातीची तपासणी करवली. न्यूमोनिया सुरू झाला होता. आणखी दोन दिवस गेले असते, तर काकू हाती लागल्या नसत्या.

शस्त्रक्रिया पुढे ढकलली. काकूंना भेटायला आलेल्या सहा वर्षांच्या नातीचे नाक वाहत होते, म्हणून तिला काचेच्या दाराबाहेरच थांबवले. "आजी, मी तुझ्याशी कट्टी!" असे ती ओरडली, तेव्हा आजी आत रडत होती, असे ताईंनीच मागाहून सांगितले.

महिन्याभराने काकू काठी टेकत आमच्या खोलीत आल्या, त्या नातीला घेऊनच. गाठ काढली होती. पहारेकरी थोडे थोडे रक्तात परतत होते. नातीने स्टुलावर चढून माझ्या नळीला डोळा लावला.

"अगंबाई! ही सगळी आजीची माणसं?"

"हो, आणि अजून कमीच आहेत," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, मेंदूत किंवा पाठीच्या कण्यात गाठ असलेले माणूस बाहेरून चांगले दिसले, तरी आतून उघडे पडलेले असू शकते. त्याचा साधा तापही हसण्यावारी नेऊ नका. तुम्हाला सर्दी असेल, तर माया लांबूनच करा.

पोरीने एकदम नाक दाबले. स्टुलावरून उडी मारून ती धावत बाहेर व्हरांड्यात गेली, तिथे शिंकली आणि हात धुऊन दारातच उभी राहिली.

"आजी," तिने तिथूनच विचारले, "आता येऊ का जवळ?"